दुसऱ्याच्या नावाची पाकिटं

'ग्रिफिन अँड सबीन' हे पत्रांचं पुस्तक वाचलेली दोन माणसं भेटली की वाद ठरलेला. एक म्हणणार, त्यातली पत्रं लिहिणारी सबीन खरी आहे. दुसरा म्हणणार, छे, एकट्या माणसाच्या डोक्यातलं खूळ आहे ते. तिसरा कुणी असलाच तर तो दोघांवर वैतागणार, की चाळीस मिनिटांत संपलेल्या चित्रांच्या पुस्तकाला कादंबरी कसली म्हणता. आणि एखादी वाचक अशीही असते, की ती मुकाट्याने पुस्तक ओढून घेते, मधलं एक पाकीट उघडते, आतलं पत्र पुन्हा वाचते आणि घडी घालून जागच्या जागी ठेवते. तिला वादात रस नसतो.

या चारही प्रतिक्रिया तीस-पस्तीस वर्षं या पुस्तकाच्या मागे आहेत आणि चारही प्रामाणिक आहेत. माझं म्हणणं इतकंच, की त्यांच्यातला फरक आवडीनिवडीचा कमी आणि हाताचा जास्त आहे. ज्याने हे पुस्तक जसं हाताळलं, तसं ते त्याला सापडलं.

ज्यांनी ते पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. निक बँटॉक हे मूळचे इंग्रज चित्रकार, जन्म १९४९ चा. इंग्लंडमध्ये बरीच वर्षं त्यांनी इतरांच्या पुस्तकांची मुखपृष्ठं केली आणि १९८८ मध्ये ते कॅनडात, व्हँकुव्हरजवळच्या बोवेन बेटावर राहायला गेले. तिथल्या पोस्टात दुसऱ्या कुणाला छानसं पत्र आलेलं आणि आपल्या पेटीत मात्र नुसती बिलं, अशा एका दिवशी ही कल्पना सुचली, असं ते सांगतात. १९९१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या क्रॉनिकल बुक्सने पुस्तक काढलं. लागोपाठ १९९२ मध्ये 'सबीन्स नोटबुक' आणि १९९३ मध्ये 'द गोल्डन मीन' आलं. प्रकाशकाला चित्रांचं एक देखणं, मर्यादित खपाचं पुस्तक हवं असावं, झालं भलतंच. न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत ही पुस्तकं मुक्काम ठोकून बसली.

कथा एका दमात सांगता येते. ग्रिफिन मॉस लंडनमध्ये एकटाच राहतो, पोस्टकार्डांवरची चित्रं काढतो आणि ती कार्डं विकून पोट भरतो. एक दिवस त्याला दक्षिण पॅसिफिकमधल्या सिकमॉन बेटांवरून कार्ड येतं. ही बेटं कुठल्याही नकाशात नाहीत. लिहिणारी सबीन स्ट्रोहेम तिथल्या टपालाच्या तिकिटांची चित्रं काढते. ना ओळख, ना पाळख, ना नमस्कार. ती त्याचं माशाचं एक कार्ड मागते आणि जाता जाता म्हणते, की कपाच्या जागी पेला काढलास ते बरं केलंस. त्या चित्रात आधी कप होता हे ग्रिफिनशिवाय कुणाला माहीत असायचं कारणच नाही. त्याने तो छापण्याआधी बदललेला. मग हिने पाहिला कुठे? पुढे ती सांगते, की तू चित्र काढत असतोस तेव्हा ते मला दिसतं. इथून पुढे दोघांचं लिहिणं वाढत जातं, जवळ येतं आणि ग्रिफिनला त्या जवळिकीचीच भीती वाटू लागते.

यापलीकडे निवेदन जवळपास नाहीच. जे आहे ते टपाल आहे.

आता कागद बघू. पुस्तक आडवं-उभं जवळजवळ सारखं, पानं अठ्ठेचाळीस. पोस्टकार्ड असं छापलंय, की उजव्या पानावर नुसतं चित्र. पान उलटलं की त्याच पानाच्या पाठीवर कार्डाची मागची बाजू. डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता, वर तिकीट आणि त्यावर पोस्टाचा शिक्का. सचित्र पुस्तकात चित्र आणि मजकूर समोरासमोर ठेवायची पद्धत आहे, वाचकाची सोय म्हणून. इथे ती सोय मुद्दाम काढून घेतली आहे. चित्र बघताना मजकूर दिसत नाही, मजकूर वाचताना चित्र आठवावं लागतं. खऱ्या कार्डाचंही असंच असतं. परिणामी प्रत्येक कार्डावर दोनदा थांबणं होतं: आधी हे काय चित्र आहे, मग हे त्याने का निवडलं असेल. घाईने वाचणारा पहिला थांबा गाळतो. उजवं पान त्याला सजावट वाटतं आणि तो सरळ मजकुरावर जातो. 'चाळीस मिनिटांत संपलं' ही तक्रार बहुतेक वेळा याच वाचकाची असते, आणि शब्द मोजले तर त्याचं चुकत नाही. मजकूर खरोखरच एखाद्या दीर्घकथेपेक्षाही कमी आहे.

कार्डांनंतर पाकिटं येतात. पाकीट छापलेलं नाही, खरंखुरं आहे; पाठीकडून पानाला चिकटवलेलं. झाप उघडायची, आतलं घडीचं पत्र दोन बोटांनी काढायचं, उलगडायचं. ग्रिफिनची लांब पत्रं टंकलेली आहेत, मध्ये खोडलेलं, हाताने दुरुस्त केलेलं. सबीनचं वळणदार हस्ताक्षर. खोडलेले शब्दही वाचता येतात आणि ते वाचायलाच हवेत. माणूस काय लिहिणार होता आणि काय लिहिलं, यातलं अंतर तिथे दिसतं. छापील पत्रकादंबरीला हे करता येत नाही. तिथे खोडलेला शब्द दाखवायचा तर वाक्यावर रेघ मारावी लागते आणि ती रेघ लेखकाने मारल्यासारखी वाटते, पात्राने नाही.

या पाकिटापाशी बहुतेक वाचक एकदा अडखळतात. प्रौढ, शहाणी माणसं झापेवर बोट ठेवून क्षणभर थांबतात आणि मग आपल्यालाच हसतात. पाकिटावर ग्रिफिनचं नाव आहे, आपलं नाही. पोस्टकार्ड वाचताना असं होत नाही, कारण कार्ड मुळात उघडंच असतं. आपल्याकडे हे सांगायला नको. गावाकडे आलेलं कार्ड पोस्टमनच वाचून दाखवायचा, आणि एक कोपरा फाटलेला दिसला की कुणीतरी गेल्याची बातमी आहे हे अक्षर न वाचताच कळायचं. मजकुराआधी वस्तू बोलायची. आंतर्देशीय पत्र मात्र आलं की ज्याचं त्याच्याच हातात जायचं, निदान तशी अपेक्षा असायची. बँटॉकने हाच फरक कथेला जोडून घेतलाय. सुरुवात उघड्या कार्डांनी होते, कारण अनोळखी माणसाला कार्डच पाठवतात. मग एक वेळ अशी येते, की जे विचारायचं आणि जे कबूल करायचं ते कार्डावर मावण्यासारखं नसतं, आणि दुसऱ्याच्या डोळ्यांसमोरून जाण्यासारखंही नसतं. तिथे पाकीट येतं. कथा खासगी होते त्याच क्षणी वाचकाला चोरून वाचणारा व्हावं लागतं. अनेकांनी या पुस्तकाबद्दल 'संकोच' हाच शब्द वापरावा यात नवल नाही. तो कथेचा भाग आहे.

आता सबीन खरी का, हा मुद्दा. (पुस्तक वाचायचं असेल त्यांनी पुढचे तीन परिच्छेद नंतर वाचावेत.)

ती काल्पनिक आहे म्हणणाऱ्यांची बाजू भक्कम आहे. दोघंही लहानपणीच सख्ख्या आईबापांना पारखी झालेली. दोघंही चित्रकार. तिला दिसतं ते फक्त त्याने काढलेलं, त्याच्या आयुष्यातलं बाकी काही नाही. तो सर्वांत एकटा असताना ती येते. ग्रिफिन स्वतःच शेवटी याच निष्कर्षाला येतो, की मीच तुला रचलं, आता पुरे. खरी आहे म्हणणारे पुरावा म्हणून कागद पुढे करतात: वेगळी शाई, वेगळं अक्षर, न पाहिलेली तिकिटं, त्यावरचे शिक्के. पण त्यांनी एक गोष्ट लक्षात घेतलेली नसते. अख्ख्या लंडनमध्ये सबीनची पत्रं हुबेहूब बनवू शकेल असा एकच माणूस आहे, आणि तो म्हणजे ग्रिफिन. कार्डं करणं हाच त्याचा धंदा. म्हणजे पुरावा जितका चोख, तितका संशय दाट. मला हा डाव पुस्तकातला सर्वांत हुशार वाटतो, आणि तो शब्दात कुठेच लिहिलेला नाही.

दुसरी एक गाठ अशीच कागदात आहे. टाकलेलं पत्र टाकणाऱ्याकडे राहत नाही. ग्रिफिनची पत्रं सिकमॉनला असायला हवीत, सबीनची लंडनला. मग दोन्ही बाजू एका पुस्तकात आल्या कशा? कुणीतरी दोन्ही गठ्ठे एकत्र केले असणार, नाहीतर ते कधी वेगळे झालेच नसणार. पत्रव्यवहाराचं खरं पुस्तक करताना हा प्रश्न दर वेळी येतो. मराठीत त्याचं उत्तम उदाहरण आहे. जी. ए. कुलकर्णी धारवाडला, सुनीता देशपांडे पुण्या-मुंबईकडे. जी.एं.नी सुनीताबाईंना लिहिलेली पत्रं 'जी.एं.ची निवडक पत्रे'च्या पहिल्या खंडात आहेत आणि सुनीताबाईंनी जी.एं.ना लिहिलेली 'प्रिय जी.ए.' या वेगळ्या पुस्तकात. संवाद जुळवायचा तर दोन पुस्तकं मांडीवर घेऊन तारखा लावत बसावं लागतं. ज्यांनी हे केलंय त्यांना ठाऊक आहे, की मधल्या मोकळ्या जागाच जास्त बोलतात. शिवाय तिथे सगळी पत्रं एकाच टायपात आहेत. अक्षर कुणाचं कसं होतं, कागद कुठला, समासात काही काढलं होतं का, हे गेलं. तक्रार नव्हे, तो वेगळा आणि मोठा ऐवज आहे. पण बँटॉकचं पुस्तक नेमकं जे गाळलं जातं त्याच्यावर उभं आहे.

दुसऱ्या पुस्तकात पेच आणखी फिरतो. सबीन लंडनला ग्रिफिनच्या घरात येऊन राहते आणि ग्रिफिन घाबरून जगभर भटकायला निघतो. आता लंडनहून जाणाऱ्या टपालावर तिचं अक्षर आहे आणि देशोदेशींच्या शिक्क्यांखाली त्याचं. वाचताना पहिली दोन-चार पानं चुकायला होतं, कारण पहिल्या पुस्तकाने आपल्याला लंडन म्हणजे ग्रिफिन अशी सवय लावलेली असते. तो परततो तेव्हा ती तिथे नसते, आणि ती म्हणते मी तिथेच होते. तिसऱ्यात दोघांनी एकाच वेळी एकाच जागी असण्याची धडपड आहे आणि मधे फ्रोलाट्टी नावाचा एक त्रासदायक गृहस्थ येतो. माझ्या मते हा गृहस्थ कथेला फारसा मानवत नाही. ज्या गोष्टीत धोका आतून येत होता तिथे बाहेरून खलनायक आणायची गरज नव्हती. वाचकांतही तिसऱ्या भागावर सर्वांत जास्त मतभेद आहेत, विशेषतः शेवटावर: काहींना तो उत्तर वाटतो, काहींना पुन्हा प्रश्नच.

'ही निव्वळ युक्ती आहे' असंही पुष्कळ जण म्हणतात. युक्ती आहेच, आणि नवीही नाही. १९३६ मध्ये डेनिस व्हीटली यांनी 'मर्डर ऑफ मायामी' हे प्रकरण पोलिसांच्या फाइलच्या रूपात काढलं होतं. त्यात जळकी काडी, केस, रक्ताचा डाग पडलेला पडद्याचा तुकडा असे खरे पुरावे लावलेले आणि उत्तराची पानं सीलबंद. १९८६ मध्ये जॅनेट आणि ॲलन आल्बर्ग यांचं 'द जॉली पोस्टमन' आलं, त्यात मुलांनी पाकिटांतून परीकथांतल्या पात्रांची पत्रं काढायची. म्हणजे पाकीट आधीपासून होतं. फरक असा, की व्हीटलीकडे पाकीट म्हणजे कोडं, आल्बर्गांकडे खेळ. बँटॉकने ते पहिल्यांदा मोठ्या माणसाच्या हातात, संकोचासकट दिलं. त्यानंतरचं २०१३ चं 'एस.' हे जे. जे. अब्रॅम्स यांच्या कल्पनेतून डग डॉर्स्ट यांनी लिहिलेलं पुस्तक पाहा. त्यात पोस्टकार्डं, पत्रं, रुमालावरचा नकाशा, गुप्तलिपीची चकती असा सगळा संसार पानांत नुसता सरकवून ठेवलाय. पुस्तक एकदा हातातून पडलं की कुठलं कार्ड कुठल्या पानाचं हे कळत नाही, आणि म्हणून वाचकांनी पानांकांच्या याद्या करून ठेवल्या आहेत. चिकटवलेल्या पाकिटाला तेवढा एक फायदा आहे: जागा ठरलेली असते.

चिकटवणं मात्र दिसतं तितकं सोपं नाही. मराठीत असं पुस्तक का निघत नाही असं हळहळणाऱ्यांनी एकदा बाइंडरशी बोलावं. अठ्ठेचाळीस पानं म्हणजे सोळा पानी तीन फर्मे (एकत्र छापून घडी घातलेले पानांचे संच). छपाईचा प्रश्न नाही. प्रश्न जाडीचा आहे. साधारण ८० जीएसएम मॅपलिथोची, म्हणजे पुस्तकांच्या नेहमीच्या कागदाची, जाडी ०.१ मिलिमीटर धरा. पत्राची चौपदरी घडी म्हणजे ०.४, वर पाकिटाचे दोन पदर आणि झाप, की एका पाकिटाला ०.६ ते ०.७. अशी समजा पाच पाकिटं असली तर तीन मिलिमीटरच्या वर फुगवटा, आणि तो सगळा पानांच्या मध्याला आणि कडेला. कण्याला काहीच नाही. पुस्तक बंद करून टेबलावर ठेवलं की आ वासून बसतं. वर दहा प्रतींचा गठ्ठा रचला तर तो एका अंगाला घसरतो. उपाय जुना आहे, फोटो अल्बमवाले तोच करतात: कण्यात पाकिटाच्या जाडीइतक्या अरुंद पट्ट्या शिवायच्या, म्हणजे कणा आणि कड बरोबरीला येतात. पट्ट्या आल्या की शिलाई वाढली, शिलाई वाढली की दर वाढला.

दुसरा घोळ खळीचा. पाण्याची खळ लावली आणि पानाचा ग्रेन, म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा, एकीकडे, पाकिटाचा दुसरीकडे असला तर वाळताना पानाला पोक येतो आणि तो जात नाही. म्हणून दोन्ही कागदांचा ग्रेन कण्याला समांतर ठेवायचा, चिकट पूर्ण पाठीला न लावता वरखाली दोन पट्ट्यांतच लावायचा आणि कोरडा, कमी पाण्याचा पीव्हीए (पांढरा गोंद) वापरायचा. चिकट कडेला बाहेर आला तर झाप पानाला चिकटते आणि पहिलाच वाचक ती फाडतो. शेवटचं काम यंत्राचं नाही: प्रत्येक पाकिटात नेमकं पत्र, नेमक्या घडीने, नेमक्या तोंडाने हाताने घालावं लागतं. हजार प्रती आणि पाच पाकिटं म्हणजे पाच हजार वेळा. सबीनचं पत्र ग्रिफिनच्या पाकिटात गेलं, तर त्या एका प्रतीत कथाच मोडली. तपासायला दुसरा माणूस लागतो. त्यामुळे अशा पुस्तकाची किंमत कागदावर नसते, मजुरीवर असते. आणि देवनागरीत करायचं तर दोन पात्रांसाठी दोन खरे हात हवेत, फाँट नाही. फाँटमध्ये प्रत्येक 'क' सारखाच येतो आणि चौथ्या ओळीला सोंग उघडं पडतं.

पडद्यावर हे कसं येईल, याचंही उत्तर जुनं आहे. संगीतकार पीटर गॅब्रिएल यांच्या रिअल वर्ल्ड कंपनीने १९९७ मध्ये तिन्ही पुस्तकांवर 'सेरेमनी ऑफ इनोसन्स' नावाची सीडी-रॉम काढली. पॉल मॅकगॅन, इझाबेला रोसेलिनी, बेन किंग्जली यांचे आवाज. कार्डावर नुसती टिचकी मारून ते उलटत नाही. चित्राशी खटपट करावी लागते, काहीतरी हलवावं, शोधावं लागतं, तेव्हा मागची बाजू येते. करणाऱ्यांना मूळ पुस्तकाचं मर्म कळलं होतं हे यावरून दिसतं: वाचकाच्या हाताला काम द्यायचं. पण ती तबकडी आजच्या संगणकात घातली तर सरळ चालत नाही. १९९१ ची प्रत चालते. पानांची चित्रं काढून मोबाइलवर पाठवली जातात तो प्रकार तर सर्वांत वाईट, कारण त्यात पत्र आधीच उलगडलेलं असतं. मजकूर पोचतो, पाकीट उघडणं पोचत नाही, आणि तसं वाचलेला माणूस नक्की म्हणतो की यात विशेष काय आहे.

मग वाचावं कसं? हात कोरडे हवेत, जेवणाआधी. पुस्तक टेबलावर, मांडीवर घेतलं तर पत्र काढताना पान वाकतं. पाकिटातून पत्र ओढताना अंगठा आत घालून पाकीट थोडं फुगवायचं, म्हणजे घडीची कड झापेला अडकत नाही. नेहमी फाटतं ते तिथेच. घडी आली तशीच परत घालायची. उलटी घडी घातली की कागद दोन्हीकडून मोडतो आणि दहा-पंधरा वाचनांत घडीवर चीर पडते. ती पडलीच तर सेलोटेप लावू नये. तो दोन-तीन वर्षांत पिवळा पडतो, चिकट आत झिरपतो आणि मजकुरावर पट्टा राहतो. पातळ टिश्यू कागद आणि पातळ खळ, मागच्या बाजूने, एवढं पुरतं.

सबीनचं अक्षर अनेकांना लागत नाही, विशेषतः चाळिशीनंतर आणि पिवळ्या दिव्याखाली. पांढरा दिवा डावीकडून ठेवावा. पहिली ओळ अडली तर पुढे जावं, दोन ओळींत तिचं वळण बसतं. सर्वांत चांगलं वाचन दोघांनी मिळून होतं: एकाने ग्रिफिनची पत्रं मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने सबीनची, आणि दुसऱ्याचं पाकीट पहिल्याने उघडायचं नाही. असं वाचलं की तास-सव्वा तास सहज जातो, आणि ज्याच्या वाट्याला ग्रिफिन आलाय तो शेवटच्या पानांत त्याची बाजू घेऊ लागतो. भेट म्हणून हे पुस्तक प्रेमात पडलेल्यांना फार दिलं जातं. द्यावं जरूर, फक्त देणाऱ्याने आधी वाचलेलं असावं. ही दूर राहणाऱ्यांची गोड कहाणी नाही. जवळ येणाऱ्याला घाबरणाऱ्या माणसाची आहे, आणि समोरच्याला ते सूचक वाटू शकतं.

दमट हवेत, म्हणजे मुंबई आणि कोकणात, पावसाळ्याआधी झापांच्या आत बटर पेपरचे छोटे तुकडे ठेवावेत. ओलीने झाप आपसूक चिकटते. खळीवर कसर येते, म्हणून कपाटात सिलिका जेलच्या पुड्या बऱ्या. डांबराच्या गोळ्या पुस्तकाला लागतील अशा ठेवू नयेत, वास पत्रांत बसतो आणि मग सिकमॉनहून आलेल्या टपालाला ट्रंकेचा वास येतो.

जुनी प्रत घेताना मुखपृष्ठ नंतर बघा, आधी एकेक पाकीट दाबून बघा. रिकामं लागलं तर किंमत कितीही कमी असो, सोडून द्या. सुटं पत्र बाजारात मिळत नाही. सगळी पत्रं आहेत, पण अदलाबदल झाली असेल तर ती तुम्हालाच लावता येतील: पाकिटावरचं अक्षर आणि आतलं लिखाण एकाच माणसाचं हवं, मायना पाकिटावरच्या नावाशी जुळायला हवा, आणि आधीच्या कार्डात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यात हवं. वाचनालयाच्या प्रतींत हे हमखास बिघडलेलं असतं. मागच्या वाचकाने घाईत कुठलंही पत्र कुठेही कोंबलेलं, आणि एखाद्या उत्साही ग्रंथपालाने वर प्रत्येक पत्रावर जांभळा शिक्का मारलेला.

क्रमाबद्दल वाचक विचारतात. पहिली तीन प्रकाशनाच्या क्रमाने, शक्यतो आठवड्याभरात. २००१ ते २००३ दरम्यान आलेली दुसरी तीन पुस्तकं मॅथ्यू आणि इझाबेला या दुसऱ्या जोडीची आहेत. ती थोडं थांबून घ्यावीत, लागोपाठ वाचली की युक्ती डोळ्यावर येते. २०१६ चं 'द फेरोस गेट' ग्रिफिन आणि सबीनकडे परत जातं आणि आधी मोकळं सोडलेलं बरंच भरून काढतं. ज्यांना तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटाने झोप लागली नाही त्यांना ते आवडेल. ज्यांना तो शेवट तसाच हवा आहे, त्यांनी ते न घेतलं तरी चालेल.